बालबाजार भरला, गड पाहिला. मुलं नेमकं काय शिकली?

शिक्षणशास्त्रात संशोधनाचा विषय शोधायला तुम्ही ग्रंथालयात बसलात की एका घडणीचं शीर्षक हमखास भेटतं: 'इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांसाठी अमुक उपक्रम राबवून त्याची परिणामकारकता अभ्यासणे.' या 'अमुक'च्या जागी दोन गोष्टी फार सहज बसतात. एक म्हणजे बालबाजार, ज्याला कुठे आनंद मेळावा म्हणतात, कुठे बाल आठवडी बाजार. दुसरी म्हणजे ऐतिहासिक स्थळाची सहल किंवा क्षेत्रभेट. आतली रचनाही ठरलेली असते. एक वर्ग, तीसेक मुलं, पूर्वचाचणी, मग उपक्रम, मग उत्तरचाचणी, टी-मूल्य, ०.०५ स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग. निष्कर्ष: उपक्रम परिणामकारक आहे. 'परिणामकारक नाही' असा निष्कर्ष तुम्ही शेवटचा कधी वाचलात, आठवून बघा.

मला बालबाजाराबद्दल किंवा सहलीबद्दल तक्रार नाही. मुलांनी वर्गाबाहेर पडावं, हाताने काही करावं, पैसे मोजावेत, दगडाला हात लावून बघावा, हे मला मनापासून पटतं. तक्रार आहे ती आपण संशोधक मंडळी या दोन्हींचा अभ्यास करताना काय मोजतो याबद्दल. उपक्रम झाला याचा पुरावा आपण गोळा करतो आणि शिकणं झालं असं लिहून मोकळे होतो. मुलांना मजा आली, सहभाग वाढला, शिक्षकांचा अभिप्राय चांगला आला, एवढ्यावर प्रबंध उभा राहतो. याची किंमत कोण मोजतं, तेही पुढे बघू.

बाजार: उलाढाल आणि हिशेब

बालबाजाराची बातमी आठवा. 'चिमुकल्यांच्या बाजारात हजारोंची उलाढाल.' हा शब्द नीट बघा. उलाढाल म्हणजे विक्रीचा आकडा. त्यातून खर्च वजा झालेला नाही.

समजा एका मुलीने भेळ विकली. १० रुपये प्लेट, ४० प्लेट, गल्ल्यात ४०० रुपये. बाईंनी फळ्यावर लिहिलं: कमाई ४००. चुरमुरे, फरसाण, कांदा, चिंच-गूळ, कागदी प्लेट मिळून २८० रुपये गेले, ते बाबांनी आदल्या दिवशी वाण्याला दिले. आई पहाटे उठून तीन तास राबली. गॅस घरचा. म्हणजे हाती आले १२० रुपये, तेही आईचे तीन तास शून्य रुपयांना धरले तर. त्या मुलीने व्यवहाराबद्दल काय शिकलं? विकलं की पैसे येतात, भांडवल आपोआप येतं आणि आईच्या कष्टाला भाव नसतो. तिच्याच शेजारी गठ्ठ्यावर कोथिंबीर घेऊन बसलेला मुलगा शेतातला माल आणतो, त्याच्या गल्ल्यात ९० रुपये येतात आणि फळ्यावरच्या यादीत त्याचं नाव खाली जातं. दोघांमधला फरक कौशल्याचा होता की घरून मिळालेल्या भांडवलाचा? बाजार भरवणाऱ्या शाळेला हा प्रश्न पडला नाही तर समजून घेता येईल, कारण त्यांना त्याच दिवशी सतरा कामं असतात. संशोधकाला मात्र तो पडायलाच हवा.

हा धोका नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली, हस्तउद्योगातून शिक्षण. उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा हा त्यातला सर्वांत वादाचा मुद्दा होता. योजनेला आकार देणाऱ्या झाकीर हुसेन समितीनेच आपल्या अहवालात इशारा दिला होता की अंमलबजावणीत आर्थिक बाजू वरचढ होऊन शैक्षणिक हेतू मागे पडण्याची भीती आहे. चरख्यावर किती सूत निघालं हे मोजणं सोपं असतं. सूत काढताना मुलाला काय उमगलं हे मोजणं अवघड असतं. बालबाजाराची उलाढाल म्हणजे तेच सूत.

बाजारातलं पोर आणि वहीतलं गणित

आता दोन अभ्यास बघा. संशोधनाची तयारी करणाऱ्याने ते निष्कर्षासाठी वाचावेत आणि त्याहून जास्त रचनेसाठी वाचावेत.

पहिला १९८५ चा, ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला. तेरेझिना नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांशी गिऱ्हाईक बनून व्यवहार केला. इतके नारळ कितीला, एवढी नोट दिली तर परत किती. मग तीच गणितं त्याच मुलांना कागद-पेन्सिल देऊन सोडवायला लावली. बाजारात बरोबर उत्तरं ९८ टक्क्यांच्या वर. शाब्दिक उदाहरणं म्हणून दिली तेव्हा सुमारे ७४ टक्के. नुसती आकडेमोड म्हणून दिली तेव्हा सुमारे ३७ टक्के. मुलं तीच, गणितं तीच.

त्यात मुलं किती होती माहीत आहे? पाच. आपल्याकडे 'न्यादर्श लहान आहे' म्हणून सिनॉप्सिस परत येतो, आणि इथे पाच मुलांचा अभ्यास चाळीस वर्षं उद्धृत होतोय. कारण तुलना घट्ट आहे. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याशीच केलेली आहे. क्रमही बघा. आधी बाजार, नंतर कागद. म्हणजे कागदावर बसताना मुलाने ते गणित एकदा तोंडी सोडवलेलं होतं. सरावाचा फायदा झालाच असता तर कागदाला झाला असता. तरीही कागदावर ते कोसळलं. म्हणून तो फरक जास्त विश्वासार्ह वाटतो. अभ्यास वाचताना 'किती मुलं' याच्या जोडीला 'कशाशी तुलना' हेही विचारायची सवय लावून घ्या.

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला, २०२५ साली 'नेचर'मध्ये आलेला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचं गणित तपासलं. ती मुलं किलो-ग्रॅमचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करत होती, पण शाळेतल्या पद्धतीने मांडलेली साधी वजाबाकी-भागाकाराची गणितं त्यांना जमत नव्हती. पुढे ४७१ शाळकरी मुलांनाही तपासलं, तर तिथे उलटं चित्र: कागदावरची सोपी गणितं बरी, पण बाजारातला व्यवहार मांडला की गाडी अडली. एका ठिकाणचं कौशल्य दुसरीकडे आपोआप जात नाही, ना बाजारातून वहीत, ना वहीतून बाजारात.

आता हे आपल्या बालबाजारावर ठेवून बघा. 'व्यवहारज्ञानातून गणित पक्कं होतं' हे आपल्या प्रस्तावनेतलं लाडकं वाक्य. वरचे दोन्ही अभ्यास सांगतात की पूल बांधला नाही तर होत नाही. दर मंगळवारी आईसोबत आठवडी बाजारात मेथी विकणाऱ्या पोराला शाळेतल्या बाजारातून नवं काहीच मिळत नाही. त्याला जे येतं ते शाळेने ओळखावं, पाव किलोच्या हिशेबातून अपूर्णांकापर्यंत त्याला हात धरून न्यावं, ही खरी गरज आहे. बाजार संपल्यावर सोमवारी सतरंज्या झटकून पुन्हा पान ४२ उघडलं तर पूल कुठे झाला? आणि आपली उत्तरचाचणी फक्त कागदी असेल तर तेच पोर आपल्या तक्त्यात 'निम्न संपादन' म्हणून नोंदलं जातं. किंमत मोजणारा हाच. आपल्या चुकीच्या साधनाने त्याच्या नावापुढे शिक्का बसतो, आणि तो शिक्का पुढे उपचारात्मक वर्गापर्यंत त्याच्यामागे जातो.

उद्योजकता: एक न आवडणारा निकाल

'बालवयात उद्योजकता रुजते' हेही वाक्य तपासलं गेलंय. नेदरलँड्समध्ये लॉरा ह्यूबर, रँडॉल्फ स्लोफ आणि मिर्यम व्हान प्राग यांनी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या इयत्तांमधल्या, ११-१२ वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. पाच दिवसांच्या कार्यक्रमात मुलं गटाने कंपनी काढतात, मैत्रीचे धागे बनवतात, विकतात, हिशेब करतात. कोणत्या वर्गांनी आधी करायचं आणि कोणी नंतर हे यादृच्छिक ठरवलं, म्हणजे 'नंतर'वाले आपोआप नियंत्रित गट झाले.

निकाल तीन. उद्योगाबद्दलच्या ज्ञानात फरक दिसला नाही. आत्मविश्वास, चिकाटी, जोखीम घेण्याची तयारी अशा गुणांवर चांगला परिणाम दिसला. आणि मोठेपणी उद्योजक व्हावंसं वाटतं का, यावर परिणाम उलटा झाला, इच्छा कमी झाली.

हा तिसरा निकाल वाचून नाक मुरडू नका. धंदा म्हणजे काय असतं हे पाच दिवस अनुभवून एखाद्या मुलीने 'हे आपल्याला नको' म्हणणं हेही शिकणंच असू शकतं. पण तुमच्या साधनात फक्त 'मला उद्योजक व्हायला आवडेल: पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' एवढंच विधान असेल, तर तुम्ही हे अपयश म्हणून नोंदवाल. दुसऱ्या निकालाकडे मात्र जरा संशयाने बघा. चिकाटी वगैरे गुण मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीतून मोजलेत. आठवडाभर 'तुम्ही किती धडाडीचे' असं ऐकल्यावर मूल स्वतःला धडाडीचं म्हणणारच. चिकाटी वाढली की चिकाटीबद्दलचं बोलणं वाढलं, हे त्या प्रश्नावलीतून वेगळं काढता येत नाही. आपल्याकडचे बहुतेक अभ्यास तर फक्त अशाच प्रश्नावलीवर उभे असतात, तेही नियंत्रित गटाशिवाय.

सहल: आठवते, म्हणून शिकलो?

सहलीच्या संशोधनात मोह वेगळा आहे, आठवणीचा. जॉन फॉक आणि लिन डिअर्किंग यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२८ जणांना, चौथीची मुलं, आठवीची मुलं आणि प्रौढ, शाळेतल्या सुरुवातीच्या वर्षांतल्या सहलीबद्दल विचारलं. ९६ टक्के लोकांना एखादी तरी सहल आठवत होती. हा आकडा प्रस्तावनेत घालायला फार छान दिसतो. पण सहल आठवणं आणि सहलीतला इतिहास कळणं यात अंतर आहे. तुमची शाळेची सहल आठवा. एसटीच्या मागच्या बाकावरच्या गाण्याच्या भेंड्या आठवतील, कुणाला तरी घाटात उलटी झाली ते आठवेल. बालेकिल्ल्याबद्दल किती आठवतं?

याचं एक कारणही फॉक आणि सहकाऱ्यांनीच १९७८ मध्ये दाखवलं होतं. अगदी अनोळखी जागी गेलेलं मूल आधी ती जागाच न्याहाळतं, दिलेलं काम बाजूला पडतं. म्हणजे पहिल्यांदाच तालुक्याबाहेर पडलेली चौथीची पोरं राजसदरेपुढे उभी राहून माकडं बघत असतील तर तो बेशिस्तीचा मामला नाही. आदल्या आठवड्यात वर्गात गडाचा नकाशा, फोटो, दिवसभराचं वेळापत्रक, डबा कुठे खायचा, स्वच्छतागृह कुठे आहे एवढं सांगून नेलं तरी अनोळखीपणा बराच कमी होतो. सहलीवरच्या संशोधनात हा 'पूर्वतयारी' नावाचा चल नोंदलाच जात नाही. तीन ठिकाणं एका दिवसात उरकणारी सहल आणि एका ठिकाणी चार तास थांबणारी सहल, दोन्ही आपल्या तक्त्यात 'क्षेत्रभेट' म्हणून एकाच रकान्यात बसतात.

दुसरी अडचण निवडीची. सहलीला गेलेली मुलं आणि न गेलेली मुलं यांची तुलना करून 'गेलेल्यांचे गुण जास्त' असं लिहिणारे भेटतात. पण मागे कोण राहतं? ज्यांच्या घरी सहलीची वर्गणी भरायला पैसे नव्हते ती. मग तुम्ही सहलीचा परिणाम मोजला की घरच्या परिस्थितीचा?

चिठ्ठी टाकून नेलेली सहल

यावरचा एक सुंदर उपाय अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात सापडला. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे बेंटनव्हिल गावी क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडलं. शाळांचे अर्ज जागेपेक्षा कितीतरी जास्त आले. जे ग्रीन, ब्रायन किसिडा आणि डॅनियल बोवेन यांनी या गर्दीचाच उपयोग केला. सोडत काढून काही शाळांना आधी नेलं, बाकीच्यांना पुढच्या सत्रात न्यायचं वचन दिलं. १२३ शाळा, जवळजवळ ११,००० विद्यार्थी. कुणालाही सहल नाकारली नाही, आणि तुलनेचा गटही मिळाला.

त्यांच्या निकालांत दोन प्रकारचे पुरावे आहेत. दोन्ही शेजारी ठेवून बघा. गुऱ्हाळासारखी साखर बनवण्याचं दृश्य असलेलं एक चित्र होतं. गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या ऊससाखरेला पर्याय म्हणून गुलामगिरीविरोधक मंडळी झाडाच्या रसापासून साखर करत असत, हा त्याचा संदर्भ. ते चित्र पाहिलेल्या ८८ टक्के मुलांना हा संदर्भ काही आठवड्यांनीही आठवत होता. आकडा भारी आहे, पण तो फक्त सहलीला गेलेल्यांचा. हीच गोष्ट वर्गात पोस्टर दाखवून सांगितली असती तर किती आठवली असती, हे त्यातून कळत नाही.

दुसरा पुरावा जास्त मजबूत. दोन्ही गटांतल्या मुलांना कुणीच न पाहिलेलं एक चित्र दाखवलं आणि त्यात काय चाललंय ते लिहायला सांगितलं. निबंधांवरची ओळख काढून टाकून तपासणी केली, म्हणजे तपासणाऱ्याला गट माहीत नव्हता. सहलीला गेलेली मुलं पुढे होती, पण फरक प्रमाण विचलनाच्या सुमारे ९ टक्के एवढाच. ग्रामीण मुलांमध्ये मात्र तो जवळजवळ एक तृतीयांश निघाला. ज्यांना अशी संधी एरवी मिळत नाही त्यांनाच सर्वाधिक लाभ. खर्च वाचवायला सहली बंद कराव्यात म्हणणाऱ्याला द्यायला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. आणि ते उत्तर मिळालं कारण त्यांनी 'मजा आली का' यावर न थांबता अवघड प्रश्न विचारला.

रायगडावरची बाजारपेठ

आता आपल्या गडांकडे या. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात रायगडही आहे. सहली वाढणार, आणि त्यांच्यावरचे लघुप्रबंधही वाढणार. चौथीच्या मुलांना शिवचरित्र अभ्यासाला असतंच. ती गडावर जातात तेव्हा गोष्ट त्यांना पाठ असते. सहल त्या गोष्टीवर शिक्का मारते. गडावर मुलाला असा एकही प्रश्न विचारला जात नाही ज्याचं उत्तर त्याला बघून, मोजून, विचार करून काढावं लागेल.

रायगडावर होळीच्या माळाजवळ जोत्यांच्या दोन लांब समोरासमोर रांगा आहेत, मध्ये रुंद रस्ता. हीच 'बाजारपेठ'. स्थळ दाखवणारे सांगतात की जोती इतकी उंच ठेवली कारण घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी. मुलं माना डोलावतात, फोटो होतो, रांग पुढे सरकते.

इथे थांबा. मुलांच्या हातात मोजपट्टी द्या. जोत्याची उंची, रस्त्याची रुंदी मोजू द्या. गावात परतल्यावर वरातीच्या घोड्याच्या पाठीपर्यंतची उंची मोजा. मग विचारा: आकडे जुळतात का? जोतं उंच असण्याचं दुसरं काही कारण असू शकतं का, रायगडावरचा पाऊस, जमिनीचा उतार? ही दुकानंच होती हे कशावरून? काय सापडलं तर आपण म्हणू की होय, दुकानंच, आणि काय सापडलं तर गोष्ट मागे घ्यावी लागेल? ज्या मुलाने शाळेच्या बाजारात भेळ विकलीय त्याला आणखी विचारता येईल: एवढ्या उंच गडावर माल चढवायचा खर्च किती, मग भाव काय लावावा लागेल? शेवटचा निवाडा चौथीच्या वर्गाने द्यायचा नाहीये. सांगितलेली गोष्ट आणि दिसणारा दगड यांच्यात फरक करता येणं, एवढंच त्या वयाला पुरे आहे, आणि ते भरपूर आहे. यात महाराजांबद्दलचा आदर कुठेही उणावत नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

हे सगळं महागडं नाही. एका केंद्रातल्या दहा शाळा घ्या. सगळ्या एकाच दिवशी गडावर जाणार नसतातच, गाड्या मिळत नाहीत. कोणत्या पाच डिसेंबरात जातील आणि कोणत्या पाच फेब्रुवारीत, हे मुख्याध्यापकांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि चाचणी जानेवारीत घ्या. चाचणीत गडाबद्दल प्रश्न नको. मुलांनी न पाहिलेल्या एखाद्या पायविहिरीचा किंवा वेशीचा फोटो द्या, तिच्याबद्दलची एक दंतकथा द्या आणि विचारा: हे खरं आहे का, ते तू कसं शोधशील? उत्तरपत्रिकांवरची नावं झाकून दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

बालबाजाराचंही तसंच. एकच गणित दोन वेषांत द्या, एकदा तोंडी व्यवहार म्हणून, एकदा कागदावर. प्रत्येक मुलाच्या दोन गुणांमधलं अंतर नोंदवा. बाजारानंतर तीन तास पूल बांधण्याला दिलेले वर्ग आणि न दिलेले वर्ग यांच्यात ते अंतर किती कमी झालं ते बघा. घरचा व्यवसाय काय, भांडवल कुठून आलं, हे दोन रकाने विसरू नका. मात्र ती माहिती वर्गासमोर विचारू नका.

एक सावधगिरी. चिठ्ठी शाळांची टाकलीत तर तुमची एकके दहा आहेत, तीनशे नाहीत. तीनशे मुलं धरून टी-मूल्य काढाल तर सार्थकता फुकटची मिळेल आणि मौखिकीला पहिला प्रश्न तिथेच येईल. दहा शाळांत छोटा परिणाम दिसणार नाही, हे आधीच लिहून टाका. 'फरक आढळला नाही' हा निष्कर्ष लिहायची तयारीही ठेवा.

आणि शीर्षक बदला. 'बालबाजार उपक्रमाची परिणामकारकता' हे शीर्षक उत्तर आधीच सांगून टाकतं. त्याऐवजी असं काही लिहा: 'आठवडी बाजारात काम करणाऱ्या चौथीच्या मुलांचा तोंडी हिशेब लेखी गणितात कोणत्या अटींवर उतरतो?' याचं उत्तर मार्गदर्शकांनाही माहीत नसेल, तुम्हालाही नसेल. मेथी विकणाऱ्या त्या पोराला मात्र त्या उत्तराचा उपयोग आहे.